छपराची पकड, घराची सुरक्षितता

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान होय. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी पावसाळ्याच्या तोंडावर सुटणारे वादळी वारे या भागातील गावांना व तांड्यांना नवे नाहीत. त्यांचा पहिला आघात होतो तो टिनपत्र्यांच्या छपरावर.

वारा छपराला खाली दाबतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो छप्पर उचलतो. वरून वेगाने जाणाऱ्या वाऱ्यामुळे पत्र्यावरील दाब घटतो; दारा-खिडक्यांतून शिरलेला वारा खालून रेटा देतो. म्हणूनच पत्र्यांवर ठेवलेल्या दगडांचा भरवसा धरता येत नाही. पत्रा उचलला गेला, की तेच दगड घरातील माणसांवर कोसळण्याचा धोका असतो.

खरा उपाय वजनाचा नसून बांधणीचा आहे. पत्रे खिळ्यांऐवजी हूक-बोल्ट व वायसर लावून आडव्या वाशांना जखडावेत. कडा व कोपरे येथे ओढ सर्वाधिक असल्याने तेथे बोल्ट जवळजवळ असावेत. वासे लोखंडी पट्टीने भिंतीच्या माथ्यावरील काँक्रीटच्या सलग पट्ट्यात पक्के करावेत. छपराचा बाहेर आलेला भाग दीड फुटापेक्षा अधिक नसावा.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य घरांची छपरे उडविली. पत्र्यापासून पायापर्यंतची साखळी एका ठिकाणी जरी तुटली, तरी घर उघडे पडते, हाच त्याचा बोध. नव्या घरकुलात ही साखळी बांधकामाच्या वेळीच साधावी. जुन्या घरांची डागडुजी वैशाखापूर्वी उरकावी.