रॅकमधील सर्व्हर उभा करताना

विद्यापीठांतील विभागांत संगणकसामग्री बदलते तेव्हा जुनी रॅक बहुधा प्रथम जाते. तीत बसविलेला सर्व्हर मात्र कामास योग्य असल्यामुळे मागे राहतो. तो खोलीच्या एखाद्या कोपऱ्यात उभा करून ठेवावा, ही कल्पना मग सहजच पुढे येते. यंत्र तेच, पेटी तीच. ती केवळ नव्वद अंशांतून फिरवावयाची, एवढेच काम आहे असा समज होतो. परंतु रॅक ही नुसती ठेवण्याची जागा नव्हे. ती यंत्राचा भार पेलते, त्याच्या पुढची व मागची वाट हवेसाठी मोकळी राखते, आणि नीट उभारलेली असल्यास त्याची धातूची पेटी अर्थिंगशी जोडून ठेवते. रॅक गेली की या तिन्ही गोष्टींची तजवीज वेगळी करावी लागते.

प्रथम स्थैर्याचा प्रश्न. रॅकच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, ही प्रमाण म्हणून ठरलेली आहे. उंची ‘यू’ या एककात मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे कान वगळता पेटीची रुंदी सुमारे ४३४ मिलिमीटर भरते. पेटी कडेवर उभी केली की ही रुंदी तिची उंची होते आणि मूळची उंची तिचा पाया बनते. गुरुत्वमध्य पेटीच्या मधोमध आहे असे धरले, तर त्यातून काढलेली लंबरेषा पायाबाहेर पडताच यंत्र कोसळते. या हिशेबाने ५ यू उंचीचे यंत्र सुमारे २७ अंश कलेपर्यंत टिकाव धरील. २ यू यंत्र सुमारे साडेअकरा अंशांवर, तर १ यू यंत्र अवघ्या सहाएक अंशांवर पडेल. झाडू मारताना लागलेला धक्काही त्यास पुरेसा होईल. रुंद पाय बसवून पाया ३०० मिलिमीटरपर्यंत वाढविला तर हाच कोन ३४ अंशांच्या पुढे जातो. यास्तव २ यू यंत्र पायांवाचून कधीही उभे करू नये. १ यू यंत्राच्या बाबतीत उभे करण्याचा नादच सोडून ते मजबूत फळीवर आडवे ठेवणे शहाणपणाचे.

काही यंत्रे मुळातच दोन्ही प्रकारे वापरता यावीत अशी घडविलेली असतात. २०१७ साली बाजारात आलेली डेल पॉवरएज टी ६४० आणि एचपीई प्रोलायंट एमएल ३५० जनरेशन १० ही त्यांची उदाहरणे होत. रॅकमध्ये पहिले ५ यू व दुसरे ४ यू जागा घेते. अशा यंत्रासाठी उत्पादकाने दिलेले पाय व आवरण मिळत असतील तर घरगुती लोखंडी चौकट करून घेण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष कामास आरंभ करण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत अन्यत्र घेतलेली असली पाहिजे, आणि ती प्रत उघडते याची खात्रीही झालेली असली पाहिजे. फिरणाऱ्या तबकडीवरून हार्ड डिस्कचे वाचनशीर्ष काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत असते. चालू यंत्र हलविणे म्हणजे विभागाची कित्येक वर्षांची निरीक्षणे पणाला लावणे होय. यंत्र रीतसर बंद करावे. पुरवठ्याची एकके दोन असतील तर दोन्ही दोऱ्या काढाव्यात, कारण एक जरी राहिली तरी आतील मंडलात वीज खेळत राहते. मग डिस्कांवर त्यांच्या खणाचे क्रमांक लिहून त्या बाहेर काढाव्यात. त्यामुळे ओझेही कमी होते. भरलेले ५ यू यंत्र ४० किलोग्रॅमहून जड असू शकते, आणि ते एकट्याने उचलू नये. आत हात घालणाऱ्याने स्थिर विद्युत् वाहून नेणारा मनगटपट्टा बांधावा. डिस्क आडवी वा उभी कशीही चालते. तिरकी मात्र ठेवू नये.

पेटी फिरल्यावर आतील भारही फिरतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. ४ किंवा ५ यू यंत्रात विस्तारपत्रे उभी असतात. यंत्र उभे होताच ती आडवी होतात आणि एका कडेवर लोंबू लागतात. जड ग्राफिक्स कार्डास खालून आधार न दिल्यास खाचेवर ताण येतो. उभ्या यंत्रात उष्णता आपोआप वर निघून जाईल, हा समजही खरा नाही. ही हवा पंख्यांच्या जोराने पुढून मागे वाहते. त्यापुढे नैसर्गिक अभिसरण नगण्य असते. गारवा मिळावा म्हणून झाकण उघडे ठेवणारे उलट नुकसानच करून घेतात, कारण हवा आखलेला मार्ग सोडून भलतीकडे जाते. कोपऱ्यात भिंतीला भिडवून ठेवल्यास मागची तप्त हवा वळून पुन्हा पुढून आत शिरते. जमिनीलगतची धूळही शोषली जातेच. म्हणून यंत्र थोड्या उंच चौथऱ्यावर असावे. तळमजल्यावर पावसाळ्यात पाणी झिरपत असेल तर हा चौथरा अनिवार्य ठरतो.

सर्वांत गंभीर बाब अर्थिंगची. वीजपुरवठ्याच्या एककात गोंगाट गाळण्यासाठी तारा व पेटी यांमध्ये लहान धारित्रे जोडलेली असतात. अर्थिंग तुटलेले असेल तर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर पेटी सुमारे ११५ व्होल्टवर तरंगते आणि हाताला झिणझिण्या येतात. एकके दोन असल्यास हा प्रवाह दुपटीने वाढतो. ही झिणझिणी स्वतः घातक नसली, तरी आतील आवरण कोठे फाटल्यास पेटीस पूर्ण दाब येईल आणि त्यास वाट मिळणार नाही, याची ती पूर्वसूचना असते. रॅकमध्ये हा दोष झाकून राहतो, कारण रॅकचे स्वतंत्र अर्थिंग पेटीस सांभाळून घेते. यंत्र खोलीत आले की सारी मदार तीन पिनांच्या प्लगवर पडते. दोन पिनांचे जोड व अर्थ नसलेले एक्स्टेंशन बोर्ड वर्ज्य समजावेत, आणि वीजतंत्रज्ञाकडून सॉकेट तपासून घेतल्यावाचून दोरी लावू नये.

त्यानंतर डिस्का आपापल्या खणात परत बसवून, झाकण लावून यंत्र सुरू करावे. पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा भार देऊन तापमानाच्या व पंख्यांच्या नोंदी पाहाव्यात, आणि त्या रॅकमधील जुन्या नोंदींशी ताडून मगच जुनी प्रत पुसावी.