पोलिसांना कॉलेजात कोण बोलावतं?

विद्यापीठ, विद्यार्थी आणि कायदा : भाग ६

मागच्या आठवड्यात जमाव बेकायदेशीर कधी ठरतो, ते आपण पाहिलं. आता त्याच्या पुढचा प्रश्न. पोलीस कॉलेजच्या आवारात शिरू शकतात का?

शिरू शकतात. कुलगुरूंच्या किंवा प्राचार्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना फाटकातून आत येता येत नाही, असा समज विद्यार्थ्यांमध्ये पक्का आहे. पण तसा कायदा नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की विद्यापीठाचं आवार आणि शनिवारवाड्यासमोरचं पटांगण यांत पोलिसांच्या दृष्टीने फरक उरत नाही. परवानगीची पद्धत आहे, ती केवळ संकेताची. आणि गेल्या दहा-बारा वर्षांतलं पुणं पाहिलं तर हा संकेत पोलिसांनी मोडण्याआधीच तो सोडून देणारे लोक बऱ्याचदा संस्थेच्या आतलेच दिसतात.

सुरुवात फिल्म इन्स्टिट्यूटपासून करू. गजेंद्र चौहान यांच्या अध्यक्षपदावरच्या नेमणुकीविरुद्ध १२ जून २०१५ रोजी सुरू झालेला तिथला संप १३९ दिवस चालला. १७ ऑगस्टला विद्यार्थ्यांनी संचालक प्रशांत पाठराबे यांना त्यांच्या कार्यालयात घेराव घातला. २००८च्या तुकडीच्या अपूर्ण चित्रपट-प्रकल्पांचं आहे त्या अवस्थेत मूल्यमापन करायचं, या निर्णयावरून वाद पेटला होता. माणसाला तासन्‌तास खोलीत अडकवून ठेवणं मला मान्य नाही आणि संचालकांना तक्रार करायचा पूर्ण हक्क होता. पण ती तक्रार घेऊन पोलीस आले ते १८ ऑगस्टच्या मध्यरात्री, आणि पाच विद्यार्थ्यांना उचलून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना जामीन मिळाला.

लाठी चालली नाही, म्हणून बळाचा वापर झाला नाही असं म्हणता येईल का? मला तसं वाटत नाही. आरोपात सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणल्याचं, म्हणजे ३५३ हे कलम होतं आणि तेव्हा त्याची कमाल शिक्षा दोन वर्षं होती. त्याआधी वर्षभर, जुलै २०१४मध्ये, अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं होतं, की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा शिरस्ता असू नये. आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी आणि अटक करायचीच असेल तर ती का आवश्यक आहे याची कारणं लिहावीत. विद्यार्थी वसतिगृहातच राहत होते. सकाळी दहाला नोटीस देता आली असती. झोपेतल्या वसतिगृहात रात्री शिरलेले पोलीस प्रत्येक खोलीला काहीतरी सांगून जातात, आणि ते सांगणं गुन्ह्याच्या तपासाशी संबंधित नसतं.

पुढच्या वर्षी फर्ग्युसन. २२ मार्च २०१६ रोजी अभाविपच्या जेएनयूतल्या नेत्याचा संवाद ठेवला होता. दुसऱ्या गटाने विरोध केला, दोन्हीकडून घोषणा झाल्या. कॉलेजमध्ये हे व्हायचंच, व्हायलाच हवं. पण प्राचार्यांनी पोलिसांना पत्र लिहून देशविरोधी घोषणा देणाऱ्यांवर कारवाई मागितली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच खुलासा केला, की टंकलेखनात चूक झाली, घोषणा दिल्या ‘असतील तर’ चौकशी करा असं म्हणायचं होतं. चूक दुरुस्त केली हे चांगलंच. पण त्या एका रात्रीत कॉलेजची मुलं देशभर देशद्रोही म्हणून चर्चेत आली होती. प्राचार्यांच्या सहीचं पत्र पोलिसांच्या हाती पुराव्यासारखं पडतं. त्यातला प्रत्येक शब्द त्याच जबाबदारीने लिहिला गेला पाहिजे.

तिसरा प्रसंग सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारा. २ फेब्रुवारी २०२४ च्या संध्याकाळी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात परीक्षेचा भाग म्हणून एक नाटक सुरू होतं. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमती, असा विषय. अभाविपच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडलं. अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. कलम २९५अ, धार्मिक भावना दुखावल्याचं. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने जामीन दिला, आणि त्याच दिवशी केंद्रात घुसून तोडफोडही झाली.

इथे कायदा नीट समजून घ्यायला हवा. संविधानाच्या १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणं मोजून दिली आहेत : देशाची सार्वभौमता, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रुनुकसानी वगैरे. भावना दुखावणं हे त्या यादीत नाही. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९५अ टिकवलं, पण ते सुव्यवस्थेच्या आधारावर, आणि अपमान जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला असला पाहिजे या अटीवर. परीक्षेसाठी बसवलेल्या प्रयोगात असा हेतू शोधायचा तर तपास लागतो, अटक नव्हे. उलट १९८९च्या रंगराजन खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की विरोधी जमावाला आवरता येत नाही ही सबब सांगून सरकारला अभिव्यक्ती दडपता येणार नाही. म्हणजे त्या संध्याकाळी पोलिसांचं पहिलं काम रंगमंचावरच्या मुलांना संरक्षण देण्याचं होतं.

२०२५च्या मे महिन्यात कोंढव्यातल्या अभियांत्रिकीच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरबद्दल एक पोस्ट पुढे पाठवली, दोनेक तासांत काढली, माफीही मागितली. कॉलेजने तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढून टाकलं आणि पोलिसांनी अटक केली. ऐन परीक्षेत ती येरवड्यात होती. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आणि कॉलेजला खडसावत तिच्या सुटकेचा आदेश दिला आणि कॉलेजचा आदेश स्थगित केला. त्याच वर्षी २८ मार्चला, इम्रान प्रतापगढी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) खाली आधी प्राथमिक चौकशी करावी. चौदा दिवसांची सवड कायद्यानेच दिली आहे. पण ती वापरायची तर ‘थांबा’ म्हणणारं कोणीतरी संस्थेत असावं लागतं.

संस्थेलाही जाब विचारता येतो, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारात नोव्हेंबर २०११ मध्ये शांतपणे बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पोलिसांनी मिरपूड फवारली. त्यानंतर माजी न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या समितीने चौकशी केली. अहवाल एप्रिल २०१२ मध्ये जाहीर झाला आणि त्यात पोलिसांइतकाच दोष विद्यापीठाच्या वरिष्ठांच्या निर्णयांवर ठेवला गेला. पोलिसांना का आणि कोणाच्या सांगण्यावरून पाठवलं, हे लोकांसमोर आलं. आपल्याकडे हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. चर्चा मुलांच्या घोषणांवरच अडकते.

माझं मत असं आहे, की पुण्यातल्या प्रत्येक कॉलेजने एक पानाचा नियम करावा. मारहाण, आग, जिवाला धोका असेल तर पोलिसांना तत्काळ फोन. भाषण, नाटक, पोस्टर, पोस्ट यांच्याबाबत पोलिसांना लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकणं आणि किमान तीन जणांच्या समितीची लेखी कारणं. पोलीस आत आलेच तर एक प्राध्यापक पूर्ण वेळ त्यांच्याबरोबर. वसतिगृहात रात्री प्रवेश हवा असेल तर कारण लेखी मागायचं. यासाठी नवा कायदा लागत नाही, व्यवस्थापनाचा एक ठराव पुरतो.

प्राध्यापक वाचकांनी हा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर घालावा. पालकांनी जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज भरताना शुल्काबरोबर हाही नियम विचारावा, आणि उत्तर लेखी मागावं.