छायाचित्र टिकते ते कागदाच्या जोरावर

गणपतीला जमलेला गोतावळा, मुलीचे बारसे, आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन... अशा प्रसंगांची शेकडो छायाचित्रे आज मोबाइलमध्ये पडून असतात. त्यातली निवडक दहा-वीस छापून अल्बममध्ये लावावीत असे वाटले, तर आता स्टुडिओची पायरी चढावीच लागते असे नाही. शाईच्या टाक्या असलेले इंकजेट प्रिंटर अनेक मध्यमवर्गीय घरांत येऊन पोहोचले आहेत. मुलांच्या शाळेतील प्रकल्पांसाठी घेतलेले हे यंत्र छायाचित्रेही उत्तम छापू शकते. अडचण येते ती कागदापाशी.

पुण्याचा अप्पा बळवंत चौक असो वा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, 'फोटो पेपर द्या' म्हटले की दुकानदाराचा प्रतिप्रश्न ठरलेला असतो, ग्लॉसी की मॅट? 180चा की 270चा? याचे उत्तर ठाऊक नसल्याने बहुतेक ग्राहक सर्वांत चकचकीत आणि सर्वांत स्वस्त पाकीट उचलतात. त्या कागदावरील छायाचित्र पहिल्या दिवशी सुंदरच दिसते. चूक कळते ती दोन-तीन पावसाळ्यांनंतर. भिंतीवरच्या फ्रेममधले चेहरे तांबूस पडू लागतात, आकाशाचा निळा रंग उडतो. त्याच घरात आजी-आजोबांच्या लग्नाचे कृष्णधवल छायाचित्र मात्र पन्नास-साठ वर्षे ट्रंकेत राहूनही स्वच्छ दिसत असते. त्या जुन्या छायाचित्रातील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते आणि ती जिलेटिनच्या थरात जपलेली असते. घरी छापलेले छायाचित्र शाईचे असते. ही शाई किती दिवस तग धरणार, हे बऱ्याच अंशी तिच्याखालचा कागद ठरवतो.

खरे काम वरच्या थराचे

फोटो पेपर म्हणजे केवळ जाड कागद नव्हे. साध्या कागदावर शाईचा थेंब पडला की तो तंतूंमधून पसरतो, त्यामुळे रेषा फाटतात आणि रंग मंद दिसतात. हे टाळण्यासाठी फोटो पेपरवर शाई जागच्या जागी धरून ठेवणारा एक थर चढवलेला असतो.

बाजारात स्वस्तात मिळणारा चकचकीत कागद बहुधा 'कास्ट कोटेड' असतो. म्हणजे साध्या कागदाच्या एका बाजूवर चकाकणारा थर. त्याची मागची बाजू हाताला नेहमीच्या कागदासारखीच लागते. हवेतला ओलावा तो मागच्या बाजूने शोषून घेतो आणि कडा वळू लागतात. 'आरसी' म्हणजे रेझिन कोटेड कागदाची रचना निराळी असते. त्याच्या गाभ्यातील कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचे अस्तर असते आणि शाई धरणारा थर त्यावर चढवलेला असतो. स्टुडिओतील रंगीत छायाचित्राचा कागद हाताला जसा लागतो, तसाच हा लागतो. दमट हवेत तो कास्ट कोटेड कागदापेक्षा सपाट राहतो. किंमत अर्थातच अधिक असते.

आजच्या बहुतेक आरसी कागदांवरचा थर सूक्ष्म छिद्रांचा असतो. सिलिका किंवा ॲल्युमिनाच्या कणांमधील पोकळ्या शाई क्षणात ओढून घेतात. छायाचित्र यंत्राबाहेर येते तेव्हा ते हाताला जवळपास कोरडे लागते. मात्र ज्या छिद्रांतून शाई आत जाते, त्याच छिद्रांतून हवाही आत जाते. हवेतील ओझोन आणि इतर वायू शाईचा रंग खातात. सन 2000च्या सुमारास बाजारात आलेल्या एका प्रकारच्या कागदावरील छायाचित्रे काही घरांत अवघ्या काही आठवड्यांत नारिंगी पडू लागली होती. त्यामागचे कारण हेच होते. शाईतला निळसर, म्हणजे सायन, रंग ओझोनने उडवला होता. पुढे शाई आणि कागद दोन्हींत सुधारणा झाल्या, परंतु मूळ धोका पूर्णपणे संपलेला नाही. त्यामुळे असे छायाचित्र उघडे टांगण्याऐवजी काचेआड किंवा अल्बममध्ये ठेवलेले बरे.

शाईची जात ओळखा

प्रिंटरच्या शाईचे दोन प्रकार आहेत. 'डाय' शाईत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो, तर 'पिगमेंट' शाईत रंगाचे सूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. डाय शाईचे रंग चकचकीत कागदावर झळाळतात, पण प्रकाश, हवा आणि पाणी यांपुढे त्या लवकर हार मानतात. पिगमेंट शाई अधिक टिकाऊ असते आणि मॅट व सुती कागदावर ती विशेष खुलते.

घरगुती वापराच्या अनेक प्रिंटरमध्ये रंगीत शाया डाय प्रकारच्या, तर काळी शाई पिगमेंटची असते. ही काळी शाई मजकुरासाठी असते. चकचकीत कागदात ती मुरत नाही, वरच राहते आणि बोट लागताच पसरते. म्हणूनच छापण्यापूर्वी संगणकावर कागदाचा प्रकार अचूक निवडणे आवश्यक ठरते. 'ग्लॉसी' निवडले की असे यंत्र पिगमेंटची काळी शाई बाजूला ठेवते आणि तीन रंगांच्या मिश्रणातून काळा रंग तयार करते. निवड 'प्लेन पेपर'वरच राहिली, तर महागडा कागदही वाया जातो. अनेकदा दोष कागदाला दिला जातो, प्रत्यक्षात चूक या एका निवडीची असते.

आणखी एक इशारा महत्त्वाचा. इंकजेटसाठी बनवलेला फोटो पेपर लेसर प्रिंटरमध्ये कधीही घालू नये. लेसर प्रिंटरमधील तापलेल्या रुळांवर कागदाचे पॉलिथिन वितळून चिकटू शकते आणि दुरुस्तीचा मोठा खर्च अंगावर येतो.

चकाकी हवी, पण किती?

ग्लॉसी कागदावर काळा रंग गडद आणि रंग भडक दिसतात. लहान आकाराच्या, अल्बममधल्या छायाचित्रांना तो शोभतो. मात्र त्यावर बोटांचे ठसे उठतात आणि खिडकीसमोर टांगल्यास प्रतिमेपेक्षा खिडकीच अधिक दिसते. 'लस्टर', 'सॅटिन' किंवा 'सेमी ग्लॉस' या नावांनी मिळणाऱ्या कागदाचा पृष्ठभाग किंचित दाणेदार असतो. रंगांची खोली बरीचशी राखून तो झळाळी आवरतो. लग्नाच्या अल्बमसाठी छायाचित्रकार हा कागद पसंत करतात, ते त्यासाठीच. घरी एकच पाकीट घ्यायचे असेल, तर ते याच कागदाचे घ्यावे.

मॅट कागद काचेआड उत्तम दिसतो. त्यावरील काळा रंग तितका गडद येत नाही, मात्र वृद्धांचे चेहरे, वाड्याचा चौक, पावसातला घाट अशा सौम्य छटांच्या छायाचित्रांना तो न्याय देतो. 'बरायटा' कागदावर बेरियम सल्फेटचा शुभ्र थर असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून डार्करूममधील कृष्णधवल छायाचित्रांसाठी हे तंत्र वापरात आहे. जुन्या छायाचित्राची नवी प्रत त्याच थाटात हवी असेल, तर हा कागद जवळचा ठरतो. 'कॉटन रॅग' हा सुती तंतूंचा कागद सर्वांत महाग. त्याचा खरा लाभ पिगमेंट शाई असलेल्यांनाच मिळतो.

वजन आणि पांढरेपणा

पाकिटावरील 'जीएसएम' हा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. कार्यालयीन कागद 70 ते 80 जीएसएमचा असतो, फोटो पेपर साधारण 180 ते 300चा. वजन वाढले म्हणजे दर्जा वाढला, असे मात्र नाही. 270 जीएसएमचा आरसी कागद आणि तेवढ्याच वजनाचा कास्ट कोटेड कागद यांच्या आयुष्यात बराच फरक पडू शकतो. शिवाय काही यंत्रांत कागद समोरच्या ट्रेमधून आत जाऊन पूर्ण वळसा घेऊन बाहेर येतो. जाड कागद तिथे अडकतो. आपले यंत्र किती जीएसएमपर्यंतचा कागद घेते, हे माहितीपुस्तिकेत पाहूनच खरेदी करावी.

पांढरेपणाही फसवा असतो. अनेक कागदांत 'ऑप्टिकल ब्राइटनर' ही रसायने मिसळतात. कपडे धुण्याच्या पावडरीतही अशीच रसायने असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात आणि कागद शुभ्र भासतो. काही वर्षांनी त्यांचा प्रभाव ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली असा कागद निळा चमकतो. घरच्या घरी करता येण्याजोगी ही सोपी परीक्षा आहे. पिढ्यानपिढ्या जपायच्या छायाचित्रासाठी 'ॲसिड फ्री' आणि ब्राइटनरविरहित कागद घ्यावा. उन्हात राहिलेले वर्तमानपत्र काही दिवसांत पिवळे पडते, ते लाकडाच्या लगद्यातील लिग्निनमुळे. सुती कागदात ते जवळपास नसतेच.

'शंभर वर्षां'चा अर्थ

काही पाकिटांवर छायाचित्र शंभर वर्षे टिकण्याची ग्वाही असते. हा आकडा प्रत्यक्ष शंभर वर्षांच्या अनुभवावरून आलेला नसतो. प्रखर प्रकाशात अल्पकाळ केलेल्या चाचणीवरून तो वर्तवलेला असतो. या क्षेत्रात अमेरिकेतील हेन्री विल्हेल्म यांच्या संस्थेच्या चाचण्यांचा दाखला नेहमी दिला जातो. त्यांत छायाचित्रावर दिवसाचे 12 तास 450 लक्स प्रकाश पडतो, तापमान 24 अंश सेल्सिअस आणि हवेतील आर्द्रता 60 टक्के राहते, असे गृहीत धरलेले असते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई आणि कोकणात आर्द्रता सरासरी 80 टक्क्यांच्या वर असते, तर थेट उन्हाचा प्रकाश लाखभर लक्सपर्यंत जातो. शिवाय ही ग्वाही विशिष्ट शाई आणि विशिष्ट कागद या जोडीसाठीच असते. टाकीत दुसरीच स्वस्त शाई भरली, की तो आकडा निरर्थक ठरतो.

हातकागदाचा मोह

पुण्यातील हातकागद संस्थेमुळे सुती चिंध्यांपासून बनलेला कागद मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. 1940मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे कागद पाहून त्यावर छायाचित्र छापण्याचा मोह अनेकांना होतो. कागद म्हणून तो टिकाऊ असला, तरी शाई धरणारा खास थर साध्या हातकागदावर नसतो. त्यामुळे छायाचित्र जलरंगातल्या चित्रासारखे मंद आणि पसरट येते. एखाद्या शुभेच्छापत्राला ही छटा शोभून दिसते. कुटुंबाच्या एकमेव छायाचित्रासाठी मात्र तो वापरू नये. छापण्यापूर्वी कागदावरील सुटे तंतू मऊ ब्रशने झटकावेत, अन्यथा ते प्रिंटरच्या हेडला चिकटतात.

छापताना आणि छापल्यावर

कागद कितीही चांगला असला, तरी मूळ छायाचित्र पुरेसे मोठे हवे. 4 बाय 6 इंचांसाठी 1200 बाय 1800 पिक्सेल, तर ए-4 आकारासाठी साधारण 2480 बाय 3508 पिक्सेल असल्यास तपशील स्पष्ट येतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र लहान होऊन येते. त्यामुळे छापण्यासाठी मूळ फाइलच मागून घ्यावी. मोबाइलचे छायाचित्र बहुधा 4:3 प्रमाणात असते, तर 4 बाय 6चा कागद 3:2 प्रमाणाचा. पूर्ण कागद भरायचा तर छायाचित्राचा नववा हिस्सा कापला जातो. कडेला उभ्या असलेल्या मावशी किंवा मागच्या रांगेतले काका त्यात हरवणार नाहीत ना, हे आधी पाहावे.

कागदाची छापायची बाजू ओळखता येत नसेल, तर कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावावे. थर असलेली बाजू बोटाला चिकटते. कागद नेहमी कडांनीच धरावा. पावसाळ्यात लागतील तेवढेच कागद बाहेर काढून पाकीट पुन्हा घट्ट बंद करावे आणि आडवे ठेवावे. संपूर्ण संच छापण्यापूर्वी एक लहान प्रत छापून दिवसाच्या उजेडात पाहावी.

छायाचित्र हाताला कोरडे लागले, तरी शाईतील द्रव पूर्ण उडायला वेळ लागतो. किमान 24 तास मोकळ्या हवेत, पण उन्हापासून दूर ठेवल्यावरच ते फ्रेममध्ये घालावे. तसे न केल्यास काचेच्या आतल्या बाजूला धुके धरते. चकचकीत छायाचित्र काचेला थेट टेकवू नये. दमट हवेत ते काचेला चिकटते आणि मग सोडवताना प्रतिमाच उखडते. मध्ये ॲसिड फ्री पुठ्ठ्याचा माउंट ठेवला की हा धोका टळतो. चिकट पानांचे आणि पीव्हीसी प्लॅस्टिकचे अल्बमही टाळावेत. पॉलिप्रॉपिलीनचे खिसे असलेला अल्बम अधिक सुरक्षित असतो.

थोडक्यात, दुकानात जाण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे तयार असावीत. घरच्या प्रिंटरमध्ये शाई कोणती आहे आणि हे छायाचित्र पुढे कुठे राहणार आहे? शाळेच्या प्रकल्पासाठी कास्ट कोटेड कागद पुरेसा असतो. अल्बमसाठी आरसी लस्टर घ्यावा. भिंतीवर काचेआड लावायचे तर मॅट, आणि नातवंडांपर्यंत पोहोचवायचे तर पिगमेंट शाईसह सुती किंवा बरायटा. घरात पिगमेंटचा प्रिंटर नसेल, तर अशी दोन-चार छायाचित्रे व्यावसायिक प्रयोगशाळेतून छापून घेण्यात कमीपणा नाही. मोबाइल बदलतो, हरवतो, कधी पाण्यात पडतो. त्यानंतर हाती उरते ती एखादी छापील प्रत. तिच्या मागे, न पसरणाऱ्या शाईच्या पेनाने, माणसांची नावे आणि तारीख लिहायला मात्र विसरू नये.