खणलेला रस्ता काय सांगतो?

शाळेची सहल पुण्याला आली आहे. सकाळी शनिवारवाडा पाहून झाला. आता कसबा पेठेतून चालत मंडईकडे जायचे आहे. पण गल्लीच्या तोंडाशीच पत्र्याचे कुंपण आणि पाटी : 'काम चालू, रस्ता बंद'. पलीकडे पुरुषभर खोल चर, दोन्ही बाजूंना मातीचे ढीग आणि फळीवरून तोल सावरत घरी जाणारी माणसे. मुले हिरमुसतात. "सर, आता इथे काय पाहायचे?"

मित्रांनो, अशा वेळी लगेच पाठ फिरवू नका. कुंपणाबाहेर सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि चराच्या उभ्या भिंतीकडे पाच मिनिटे नीट पाहा. जमिनीखालचे जुने गाव आपल्याला एरवी दिसत नाही. ते दिसते खोदकाम चालू असताना; आणि चर बुजला की ती संधी गेली.

गाव वर कसे चढते?

चराच्या भिंतीत सर्वांत वर डांबराचा काळा पट्टा दिसेल. नीट पाहिले तर तो एक नसून एकावर एक बसलेले अनेक पट्टे आहेत, हे लक्षात येईल. त्याखाली खडी, तिच्याखाली मोठे दगड रचून केलेले सोलिंग. त्याच्या खाली मात्र सरमिसळ असते : विटांचे तुकडे, कौलांच्या खापऱ्या, चुन्याची ढेकळे, कुठे राखेची करडी रेघ. चर पुरेसा खोल असेल, तर तळाशी मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो.

ही सरमिसळ आली कोठून? कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. आठव्या शतकातील राष्ट्रकूट ताम्रपटांत या प्रदेशाचा 'पुण्य विषय' असा उल्लेख आहे. विषय म्हणजे त्या काळचा एक प्रशासकीय विभाग. इतकी शतके माणसे इथे राहिली. मातीविटांची घरे पडली, जळली, पुन्हा उभी राहिली. पडलेल्या घराचा राडारोडा लांब वाहून नेण्यापेक्षा जागेवरच सपाट करून त्यावर नवे घर बांधणे सोपे होते. चुलीची राख, फुटकी मडकी, तुटक्या बांगड्या हे सारे जवळपासच पडत गेले. अशा रीतीने गावाची जमीन हळूहळू उंचावते.

हे आजही चालू आहे. समजा, रस्त्यावर दर खेपेस पाच सेंटिमीटर जाडीचा डांबरी थर चढवला आणि जुना थर खरवडला नाही. तर दहा खेपांत रस्ता अर्धा मीटर वर येईल! जुन्या वाड्यांच्या दाराशी गेलात तर याचा पुरावा मिळतो. ज्या जोत्यावर चार पायऱ्या चढून जावे लागे, तिथे आता दोनच दिसतात. काही ठिकाणी तर रस्त्यावरून खाली उतरून वाड्यात जावे लागते. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी थेट त्या घरात शिरते. म्हणून नवा थर देण्यापूर्वी जुना यंत्राने खरवडून काढणे, हे केवळ सौंदर्याचे काम नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तो घर कोरडे राहण्याचा प्रश्न आहे.

खालचे ते जुने : पण नेहमीच नाही

निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये थरांचा एक साधा नियम मांडला. थर जागचे हलले नसतील, तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. खडकांसाठी सांगितलेला हा नियम पुरातत्त्वज्ञ गावाच्या थरांनाही लावतात.

मात्र इथे एक मेख आहे. चराच्या तळाशी सिमेंटचा नळ दिसतो आणि त्याच्या वरच्या पातळीवर, बाजूच्या भिंतीत, चुन्यात बांधलेल्या पातळ विटांची ओळ दिसते. मग नळ विटांपेक्षा जुना म्हणायचा का? नाही! नळ टाकण्यासाठी कोणीतरी वरून खड्डा खणला, जुन्या विटा कापल्या आणि नळ खाली नेऊन ठेवला. त्या खड्ड्याच्या कडा भिंतीत ओळखू येतात. आतली माती भुसभुशीत आणि वेगळ्या रंगाची असते. म्हणून वस्तू किती खोल सापडली, एवढ्यावरून तिचे वय ठरत नाही. ती कोणत्या थरात होती आणि तो थर कोणत्या खड्ड्याने कापला होता, हेही पाहावे लागते.

नाणे किंवा खापर उचलून खिशात घातले, तर नेमका हा पुरावा नाहीसा होतो. पुस्तकातून फाडलेले पान हाती उरते, पण ते कोणत्या प्रकरणातले, हे कळत नाही.

थांबलेली कुदळ

जुन्या शहरात खोदकाम करणाऱ्यांनी वेळीच हात थांबवला तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण मेक्सिको सिटीत आहे. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी तिथे वीज कंपनीचे कामगार शहराच्या मध्यभागी एका रस्त्याच्या कोपऱ्यावर खणत होते. अवजार एका कोरीव दगडावर आदळले. काम थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावण्यात आले. निघाली ती अ‍ॅझ्टेक लोकांची देवता कोयोल्शाउकी हिची तीन मीटरांहून अधिक व्यासाची गोल शिळा. पुढे तिथेच अ‍ॅझ्टेकांच्या महामंदिराचे उत्खनन झाले.

पुण्याच्या रस्त्यांखालीही जपण्यासारखे काही आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणण्यासाठी जमिनीखालून बांधीव नळ घातला गेला. त्याला पंप नव्हता. कात्रज उंचावर आणि पेठा सखल भागात. नळाला बेताचा उतार दिला की पाणी गुरुत्वाकर्षणाने आपोआप वाहत असे. वाटेत ठिकठिकाणी 'उच्छ्वास' बांधले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि आत उतरून गाळही काढता येई. हे पाणी शनिवारवाड्याला आणि पेठांतील हौदांना मिळे. असा नळ अडीचशे वर्षे टिकतो. पण खोदणाऱ्या यंत्राच्या एका घावाने फुटू शकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी जुने नकाशे पाहणे अगत्याचे असते.

मेट्रो इतकी खोल का?

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा पुणे मेट्रोचा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. तो याच दाट वस्तीखालून जातो. जिल्हा न्यायालयाचे स्थानक तर सुमारे ३३ मीटर खोल आहे. माणसांनी रचलेले थर वरच्या काही मीटरांतच असतात. त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसाल्टचा, कठीण खडक आहे. भुयार या खडकातून गेले की वरचे थर बहुतांशी शाबूत राहतात. स्थानकासाठी आणि त्याच्या जिन्यांसाठी मात्र वरून खणावेच लागते. खरी काळजी तिथे घ्यावी लागते.

खोदकामाने शेजारच्या जुन्या भिंती हलतात का, हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. भिंतीतील भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवतात. भेग किंचित जरी रुंदावली, तरी काच तडकते आणि सूचना मिळते.

तुम्ही काय कराल?

आपल्या गावातल्या जुन्या पेठेत रस्ता खणला जाईल तेव्हा शिक्षकांबरोबर जा. कुंपण ओलांडू नका, चराच्या काठाशी जाऊ नका. बाहेरूनच थरांचे चित्र काढा. प्रत्येकाचा रंग आणि अंदाजे जाडी लिहा. मग परवानगी घेऊन जवळच्या एखाद्या जुन्या घराचे अंगण रस्त्यापेक्षा किती खाली आहे, ते मोजा. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी घेऊन तीत पाणी भरा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक रस्त्यावर आणि दुसरे अंगणात उभे धरा. दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीवर राहील. दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजा. त्यांतील फरक म्हणजे रस्त्याची चढ.

आणि एखादी जुनी वस्तू दिसलीच, तर ती जागची न हलवता काम पाहणाऱ्या अभियंत्याला सांगा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

आठवड्याने त्या गल्लीत पुन्हा गेलात, तर चर बुजलेला असेल. आत नवा नळ आणि नव्या तारा असतील, कदाचित एखादे प्लॅस्टिकचे वेष्टनही. तोही आता एक थर झाला. तुम्ही काढलेले चित्र मात्र जपून ठेवा. त्या गल्लीच्या पोटात काय होते, याची नोंद कदाचित तेवढीच असेल.