पट्टा हातात, सर्पाला वाट

वर्षाऋतूत भूमीवर जीवसृष्टी विपुल असते, म्हणूनच साधु-साध्वी चातुर्मासात विहार थांबवितात. गृहस्थ मात्र याच दिवसांत भोर-वेल्ह्याकडे, राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी, अनेकदा पाळीव श्वानासह फिरावयास निघतात. तेथील गवतात आणि दगडी बांधांत नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचाही वावर असतो.

घोणस मोठ्याने फुत्कारून इशारा देते. माणूस थबकतो, श्वान कुतूहलाने पुढे जातो. त्यामुळे दंश बहुधा तोंडावर किंवा पायावर होतो, आणि त्याला सोडविण्यास धावलेला धनीही संकटात सापडतो. यावर उपाय साधा आहे : पट्टा आखूड धरावा, सर्प दिसताच मागे सरून त्याला वाट द्यावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्पांना संरक्षण दिले आहेच.

दंश झाल्यास चिरा देणे, आवळून बांधणे, मंत्रतंत्र यांत वेळ दवडू नये. श्वानाला उचलून पशुवैद्याकडे, माणसाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष हाच खरा उपचार. ते जवळपास कोठे मिळते, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. जोखीम आधी मोजणे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. येथे तर त्या सावधपणात तीन जीवांचे रक्षण आहे.