दोन नोंदींच्या मधला टाळ



भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण चालू असताना नववीतील एका विद्यार्थ्याने आम्हाला अडवले. सीडीच्या पद्धतीत आवाजाच्या सेकंदाला ४४,१०० नोंदी होतात. म्हणजे दोन नोंदींत सुमारे २३ मायक्रोसेकंदांचे अंतर (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). दोन कानांवर आवाज पोचण्यातला १० मायक्रोसेकंदांचा फरकही मनुष्याला कळू शकतो, आवाजाची दिशा आपण त्यावरूनही ओळखतो. "मग सर, दोन नोंदींच्या मधे वाजलेला टाळ गेला कुठे?"

प्रश्न चोख होता. उत्तर द्यायला आम्हाला दोन दिवस लागले.

आपल्या मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जलाशय घ्या. समजा, पावसाळ्यात रोज सकाळी ६ वाजता पट्टीवर पाणी मोजले. काल १० फूट, आज १२ फूट, आणि पाणी एकसारखे चढत होते. मग ११ फुटांची खूण केव्हा बुडाली? काल संध्याकाळी ६ वाजता. तेव्हा तिथे कोणी उभे नव्हते, तरी सांगता आले! मात्र मोजताना एका फुटाची चूक झाली तर वेळ १२ तासांनी चुकेल, एका इंचाची झाली तर एकाच तासाने. पट्टी जितकी बारीक, तितकी वेळ नेमकी.

सीडीची पट्टी १६ बिटची, म्हणजे ६५,५३६ खुणांची. टाळ ५ मायक्रोसेकंद उशिरा वाजला तर नोंदींच्या वेळा त्याच राहतात, पण त्यांची उंची बदलते. त्या उंचींतून यंत्र पुन्हा सलग लहर काढते आणि टाळ आपल्या जागी वाजतो. सेकंदाला १००० कंपनांच्या मोठ्या आवाजात एका खुणेचा फरक म्हणजे सुमारे ५ नॅनोसेकंद, कानाच्या १० मायक्रोसेकंदांचा दोन हजारावा भाग. अट एकच, पाण्याने मधेच उसळी मारू नये. म्हणून २२,०५० कंपनांवरचे ध्वनी आधीच गाळतात. २०,००० च्या पुढचे तसेही ऐकू येत नाहीत (आमच्या वयात तर त्याहून बरेच कमी).

८ बिट घेतले तर खुणा २५६च. मोठ्या आवाजाची वेळ तरीही सव्वा मायक्रोसेकंदापर्यंत सांभाळली जाते. बिघडते ते दुसरेच : मागे सरसर येते आणि हळू स्वर तीत बुडतात.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तुमच्या आजीच्या ओव्या मात्र तुम्हालाच नोंदवाव्या लागतील, आणि आजी हळूच गातात. १६ बिटच्या खाली जाऊ नका. मोबाइलमध्ये २४ बिटची सोय असल्यास ती घ्या, म्हणजे आवाज फाटू नये म्हणून पातळी कमी ठेवली तरी चालते. नोंद वर्गशिक्षकांकडे द्यावी, सोबत आजीचे नाव व गाव लिहून.