बास ड्रमचा माईक आणि मुलांचे कान

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लिहावयाचे म्हणजे लसीकरण, आहार किंवा ताप हे विषय ठरलेलेच. यंदा मात्र मी ऑर्केस्ट्रातील बास ड्रमविषयी आणि त्याला लावावयाच्या माईकविषयी लिहिणार आहे. हे विषयांतर आहे असे कोणास वाटल्यास त्याने शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती. लेखाची सांगता मुलांपाशीच होणार आहे.

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील एका कार्यक्रमास आम्ही सहकुटुंब गेलो होतो. लाकडी फळ्यांचे तात्पुरते व्यासपीठ, दोन्ही बाजूंस ध्वनिवर्धकांच्या उतरंडी आणि अगदी पुढे सतरंजीवर बसलेली मुले. बास ड्रमचा ठोका गोधडीत गुंडाळल्यासारखा येत होता. ‘ठेका ऐकू येत नाही,’ अशी मागून तक्रार झाली आणि ध्वनिव्यवस्थापकाने सगळाच आवाज चढविला. तिसऱ्या गाण्याला पुढची मुले कानांवर हात ठेवून बसली. एका आईने तर रडणाऱ्या बाळाला उचलून बाहेरची वाट धरली. मध्यंतरात ड्रमवादकाने माईक वीतभर आत सरकविला, त्याच्या स्टँडखाली स्पंज घातला आणि ड्रममध्ये दुमडलेली चादर ठेवली. उत्तरार्धात एकूण आवाज उतरविला गेला, तरीही ठोका स्वच्छ ऐकू आला. बदलली होती ती केवळ माईकची जागा आणि बैठक. त्या रात्रीपासून या विषयाचे मला कुतूहल लागले.

आपल्या हैदराबादच्या कानांना मोठ्या चर्मवाद्यांची सवय आहे. लग्नाच्या वरातीतील मर्फा, बोनालूतील डप्पू आणि आपल्या मराठी घरांतून आलेले ढोल-ताशा व पखवाज ही सर्व वाद्ये आपल्या बळावर ऐकू येतात. ऑर्केस्ट्रातील बास ड्रमची गोष्ट निराळी. तो जमिनीवर आडवा असतो आणि पायाने वाजविला जातो. त्याला विजेवर चालणाऱ्या गिटार आणि कीबोर्डच्या बरोबरीने उभे राहावे लागते, म्हणून त्याला माईक लागतो.

या ड्रमचा व्यास बहुधा २० ते २४ इंच असतो. वादकाकडील पडद्यावर पेडलला जोडलेला बीटर आदळतो, आतील हवा दाबली जाते आणि श्रोत्यांकडील पुढचा पडदा थरथरतो. पुष्कळदा या पुढच्या पडद्याला चार-पाच इंचांचे गोल भोक ठेवलेले असते. ठोक्याचे दोन भाग असतात. पहिला म्हणजे बीटर आदळल्याची ‘टक’, जी साधारण ३,००० ते ५,००० हर्ट्झच्या आसपास असते. दुसरा म्हणजे ५० ते ८० हर्ट्झच्या आसपासचा ‘धुम्म’. ठोका केव्हा पडला हे कानाला ‘टक’ सांगते आणि त्याचे वजन ‘धुम्म’ सांगते. दोहोंचे प्रमाण माईकच्या जागेवर अवलंबून असते.

आपल्या व्यवसायबंधूंना हे समजावयास अवघड नाही. १८१६ साली लॅनेकने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीवर ठेवली, तेव्हापासून आपण हेच करीत आलो आहोत. स्टेथोस्कोपची बेल मंद्र ध्वनीसाठी आणि डायाफ्राम उच्च ध्वनीसाठी वापरावयाची. बेल फार दाबली तर ताणलेली त्वचाच डायाफ्राम होते आणि मंद्र मर्मर नाहीसा होतो. मायट्रल व्हॉल्व्हचा मर्मर हृदयाच्या टोकाशी शोधावयाचा, गळ्यापाशी नव्हे. चुकीच्या जागी ठेवलेला स्टेथोस्कोप कितीही महाग असला तरी निदान चुकते. माईकचेही तसेच आहे.

बास ड्रमसाठी मोठ्या पडद्याचे डायनॅमिक माईक वापरतात. एकेजी कंपनीचा डी ११२ आणि शूअर कंपनीचा बीटा ५२ ए ही त्यांपैकी परिचित नावे. यांतील पुष्कळ माईक ‘कार्डिऑइड’ किंवा त्या जातीचे असतात. कार्डिऑइड म्हणजे हृदयाकृती : समोरचे अधिक आणि पाठीमागचे कमी ऐकणारा. असा माईक ध्वनीच्या उगमाजवळ नेला की मंद्र स्वर आपोआप फुगतात, हा त्याचा आणखी एक स्वभाव.

आता जागा. पुढच्या भोकातून माईक आत घालून बीटरच्या पडद्यापासून सात-आठ सेंटिमीटरवर आणला तर ‘टक’ ठळक होते. ड्रमच्या साधारण मध्यावर ठेवल्यास ‘टक’ आणि ‘धुम्म’ यांचा समतोल साधतो आणि अनोळखी सभागृहात सुरुवात येथूनच करावी. भोकाच्या तोंडाशी आणल्यास ‘धुम्म’ वाढतो. मात्र माईक अगदी भोकाच्या मधोमध ठेवू नये, कारण प्रत्येक ठोक्यासरशी हवेचा झोत त्यावर आदळतो आणि फुरफुर ऐकू येते. माईकचा रोख थेट बीटरकडे ठेवला तर आवाज टणक होतो आणि थोडा तिरपा केला तर मऊ. पुढच्या पडद्याला भोक नसेल तर माईक बाहेर, पडद्यापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर, मध्यबिंदूपासून जरा बाजूला ठेवावा.

जवळ ठेवण्याचे कारण साधे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. माईक बास ड्रमपासून १० सेंटिमीटरवर आणि शेजारचे वाद्य २ मीटरवर असेल, तर अंतर वीसपट होते. म्हणजे दोन्ही सारख्याच जोराने वाजत असली तरी माईकला शेजाऱ्याचा आवाज ढोबळमानाने २६ डेसिबल कमी ऐकू येतो. दूर ठेवलेला माईक मात्र सगळ्यांचेच ऐकतो. मग तो चढविला की शिट्टी किंवा घुमारा सुरू होतो.

बसविण्याचेही शास्त्र आहे. जड बुडाचा बुटका स्टँड आणि त्यावर आडवा दांडा ही रूढ पद्धत. व्यासपीठ पोकळ असेल तर पावलांची धडधड आणि ध्वनिवर्धकांचा हादरा फळ्यांतून स्टँडमध्ये व तेथून माईकमध्ये चढतो. म्हणून स्टँडखाली जाड स्पंज किंवा रबर घालावे. माईक ड्रमच्या कडेला टेकू देऊ नये आणि सर्व खटके घट्ट करावेत, कारण ठोक्यागणिक दांडा खाली झुकत जातो. केबल स्टँडला बांधून थोडी ढिली ठेवावी. बीटा ९१ एसारखा चपटा माईक ड्रमच्या आत उशीवर नुसता ठेवता येतो, त्याला स्टँड लागत नाही. आतली उशी किंवा चादर दोन्ही पडद्यांना जेमतेम स्पर्श करील इतपतच असावी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावताना वादक जो हिशेब करतो, त्याच जातीचा हा हिशेब : नाद आटोक्यात यावा, पण मरू नये.

कधी दोन माईक लावतात, एक पेडलच्या बाजूने आणि एक पुढून. बीटर आदळतो तेव्हा पडदा पहिल्या माईकपासून दूर जातो आणि पुढचा पडदा दुसऱ्याकडे सरकतो. दोघांचे संकेत उलटसुलट होऊन मंद्र भाग एकमेकांना खोडतो आणि दोन माईक असूनही ठोका पोकळ लागतो. ईसीजी काढताना दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली की लीड एक उलटी येते, तसाच हा प्रकार. मिक्सरवर एका माईकची ध्रुवता उलटविण्याचे बटण दाबले की ‘धुम्म’ परत येतो. छोट्या कार्यक्रमास मात्र नीट लावलेला एकच माईक पुरेसा असतो.

आता मुलांकडे वळतो. ठोका अस्पष्ट असला की व्यवस्थापकाचा हात मुख्य आवाजाकडे जातो. त्याबरोबर गायक, झांजा आणि स्नेअर ड्रम असे सगळेच चढते. कानाच्या दृष्टीने मंद्र ‘धुम्म’पेक्षा या वरच्या पट्टीतील ध्वनींचा मारा अधिक घातक असतो. गोंगाटाने झालेल्या बहिरेपणाची खाच ऑडिओग्रामवर ४,००० हर्ट्झपाशी प्रथम दिसते, ती त्यामुळेच. आतील कानाच्या केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रौढ कामगारांसाठीचा रूढ हिशेब असा : ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचविली. तान्ह्या बाळाला ती मर्यादा लावण्याचे धाडस मी करणार नाही. बाळाला उठून मागे जाता येत नाही आणि ‘कानात गुणगुणते’ असे सांगताही येत नाही.

एक सावधगिरी मोजमापाची. आपली मापकयंत्रे बहुधा ‘ए’ भाराने मोजतात. त्या पद्धतीत ६३ हर्ट्झचा ध्वनी सुमारे २६ डेसिबल कमी धरला जातो. तेव्हा छाती हादरत असूनही आकडा सौम्य दिसू शकतो. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. मर्यादित सणांपुरती सवलत मिळाली, तरी ती मुलांच्या कानांना लागू होत नाही.

म्हणून आपल्या मंडळांच्या आयोजकांना माझी नम्र विनंती. ध्वनिचाचणीसाठी कार्यक्रमापूर्वी अर्धा तास राखून ठेवावा आणि त्यात प्रथम बास ड्रमचा माईक नीट लावून घ्यावा. ठोका अस्पष्ट वाटला तर आधी माईक हलवावा, मग उशी, मग मिक्सरवरील स्वरभार, आणि मुख्य आवाजाला हात सर्वांत शेवटी. मुलांची सतरंजी ध्वनिवर्धकांसमोर न घालता मध्यभागी, काही रांगा मागे घालावी. तान्ह्या बाळांना दाराजवळच्या खुर्च्या द्याव्यात.

ऐकू येत नसेल तर आपण रुग्णाला ‘हृदय जोरात वाजव’ असे सांगत नाही, स्टेथोस्कोपची जागा बदलतो. रंगमंचावरही तेवढेच करावयाचे आहे.